टूरने जायचं की एकटीनं? नाशिकहून निघण्याआधी करायचा हिशोब

दिवाळीचा फराळ संपला की कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक विषय हमखास निघतो. "यंदा कुठं?" आणि त्याच्या पाठोपाठ, "टूरनं, की तुमचं तुम्ही?" मागच्या हिवाळ्यात आमच्यातल्याच एका मैत्रिणीनं मला हे विचारलं. वय ६१, मिस्टर जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी पुण्यात. मनात चारधाम होतं. "तू दोन्ही करतेस ना? मग सांग." सांगता सांगता चार फेऱ्या झाल्या, घरून दुधाचा फोन आला, तरी सांगून संपेना. म्हणून हे लिहून काढलं.

मी दोन्ही करते याचं कारण साधं आहे. आमच्या ह्यांना घराबाहेर झोप लागत नाही आणि मला घरात बसवत नाही. त्यामुळे कधी टूरच्या बसमध्ये, कधी एकटीच. दोन्हीकडे सुख पाहिलं, दोन्हीकडे चिडचिडही झाली.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. टूरवाल्याला दिलेल्या पैशांतून हॉटेल, बस आणि जेवणाचे पैसे वजा केले तर जे उरतं, ते निस्तरण्याचे पैसे असतात. दरड कोसळली, गाडी रद्द झाली, हॉटेलवाला म्हणाला बुकिंगच नाही, कुणाला मध्यरात्री जुलाब सुरू झाले, तर ते निस्तरायला एक माणूस सोबत असतो. एकटं निघालं की तो माणूस आपणच. म्हणून "माझा स्वभाव टूरचा आहे का" हे विचारत बसू नका. या खेपेला, या ठिकाणी काय काय बिघडू शकतं आणि त्यातलं मला काय झेपेल, एवढंच बघा. एकाच माणसाचं उत्तर राजस्थानला एक आणि लडाखला दुसरं येतं.

आधी ठिकाण बघा

काही ठिकाणी निवड तुमच्या हातात नसतेच. सिक्कीममध्ये नथुला बघायचं तर परवाना नोंदणीकृत एजन्सीमार्फतच काढावा लागतो आणि गाडीही तिथलीच घ्यावी लागते. तुम्ही गंगटोकपर्यंत कितीही एकटे या, त्या दिवसापुरते कुणाच्या तरी गाडीत असणार. अरुणाचल, नागालँड, मिझोरम इथे भारतीयांनाही इनर लाइन परमिट लागतं. ते स्वतः ऑनलाइन काढता येतं, पण निघायच्या आधी काढायला हवं. अमरनाथला १३ ते ७० हीच वयोमर्यादा, आणि ठरवून दिलेल्या डॉक्टरांचा आरोग्य दाखला सक्तीचा. चारधामला उत्तराखंड सरकारकडे नोंदणी केल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. टूरनं गेलात तर ती बहुधा कंपनी करते, पण नोंदणीचा कागद आपल्या मोबाइलमध्ये आहे ना, हे आपणच बघायचं.

काही ठिकाणी निवड असते, पण चूक महाग पडते. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे उतरल्यावर पहिले एक-दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं, आणि एकट्या माणसाला डोकं दुखायला लागलं तर "हे उंचीचं आहे, आज बाहेर पडू नकोस" असं सांगणारं कुणी हवं. केदारनाथ त्याहून थोडं उंच, वर गौरीकुंडापासून १६ किलोमीटरच्या आसपास चढ. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यानं, त्यातही साठीच्या पुढच्यानं, हिमालयातल्या यात्रा समूहानंच कराव्यात. मोसमात रस्ता बंद पडला की खोल्यांची मारामार होते, आणि तिथे चाळीस माणसांची बस घेऊन आलेल्या मॅनेजरचा शब्द एकट्या बाईपेक्षा जड पडतो. कटू आहे, पण आहे.

उरलेला बराचसा देश एकट्यानं फिरायला सोपा आहे: राजस्थान, मध्य प्रदेश, केरळ, काशी, हंपी, कोकण. गाड्या आहेत, खोल्या आहेत, भाषेचं अडत नाही किंवा अडलं तरी माणसं हातवाऱ्यांनी समजून घेतात. परदेशात थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका, सिंगापूर याच रांगेतले. युरोपला व्हिसाच्या कागदांचा व्याप मोठा, शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. कागदांचं काम जमत नसेल तर तिथे टूरचे पैसे वसूल होतात. पण व्हिसा देणारा दूतावास असतो, कंपनी नव्हे. नाकारला गेला तर पैसे किती परत मिळणार, हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या.

मग माणूस बघा, म्हणजे गुडघे आणि पोट

स्वभावाबद्दल सगळेच बोलतात, शरीराबद्दल कुणी बोलत नाही. टूरचं घड्याळ "सहा-सात-आठ" असतं: सहाला उठवण्याचा फोन, सातला नाश्ता, आठला बस. हे दहा दिवस. ज्यांना सकाळी पोट साफ व्हायला दोन कप चहा आणि एक तास लागतो त्यांचे टूरवर हाल होतात, आणि हे कुणी माहितीपत्रकात छापत नाही. उलट ज्यांना मधुमेह आहे, वेळेवर खावंच लागतं, त्यांना टूरचं ठरलेलं जेवण वरदान. आपल्याकडच्या यात्रा कंपन्या आचारी सोबत नेतात. बद्रीनाथच्या थंडीत गरम पिठलं आणि भात पुढे आला की माणूस कंपनीचे बाकीचे सगळे गुन्हे माफ करतो.

बसमध्ये रोज जागा बदलतात, आज पुढे तर उद्या मागे. पाठीचं दुखणं असेल तर हे आधी बोलून घ्या. "मागच्या सीटवर मी बसू शकत नाही" हे निघायच्या दिवशी सांगितलं तर भांडण होतं, बुकिंगच्या वेळी सांगितलं तर सोय होते.

एकटं जाण्याबाबत मी फक्त एकच परीक्षा सांगते. आठवडाभर रोज रात्री एकटीनं हॉटेलात बसून जेवता येईल का? फिरताना दिवस कसाही जातो, माणसांची आठवण संध्याकाळी सातनंतर येते. मला पहिल्या खेपेला ते जड गेलं, आता आवडतं. ज्यांना ते जमणारच नाही असं आतून वाटतं, त्यांनी उगीच हट्ट करू नये.

नाशिक ते नाशिक किती?

इथे आपल्या गावातले लोक सर्वांत जास्त फसतात. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा "मुंबई ते मुंबई" असतो. सकाळी सहाचं विमान असेल तर चारला विमानतळावर हजर, म्हणजे नाशिकहून रात्री अकराच्या सुमारास निघायचं. १६५-१७० किलोमीटर. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटाची कटकट टळते, पण आमण्यानंतर भिवंडी-ठाण्याची गर्दी आहे तिथेच आहे. एक रात्र जागरणात जाते, परत येताना दुसरी. दोन्ही वेळची टॅक्सी, किंवा तिकडे मुक्काम केलात तर हॉटेल, हे टूरच्या किमतीत धरा. ओझरहून, म्हणजे नाशिकच्याच विमानतळावरून, थेट विमान मिळत असेल तर आधी ते तपासा. मोजक्या शहरांसाठी असतात आणि वेळापत्रक बदलत राहतं, पण जमलं तर दोन रात्री वाचतात.

एकटीच्या प्रवासात हेच पारडं उलटं फिरतं, कारण नाशिकरोड मुंबई-भुसावळच्या मुख्य मार्गावर आहे. पंजाब मेल रात्री इथूनच मिळते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झाशीला सोडते. महानगरीनं काशी, मंगला एक्सप्रेसनं रत्नागिरीपासून थेट एर्नाकुलमपर्यंत. मुंबईला जायचंच नाही. घरून रिक्षा, बिटको चौक, स्टेशन.

आता एकटीचा खर्च. हा हिशोब मी वहीत करते, तसाच देते. समजा पाच दिवसांचा प्रवास आहे. खोली रोजची २,४०० आणि गाडी रोजची ३,६००. एकटीला खोलीचे १२,००० आणि गाडीचे १८,००० मिळून ३०,००० पडतात. दोघी असल्या तर प्रत्येकी १५,०००. चौघी, दोन खोल्या आणि एक गाडी, तर प्रत्येकी १०,५००. आता गाडी सोडा आणि एकटीनं बस, शेअर रिक्षा असं फिरा, रोजचे समजा ३००. मग १३,५०० मध्ये भागतं. म्हणजे एकटं जाणं महाग पडतं ते गाडीमुळे. जिथे बस-रिक्षा धड आहे तिथे एकटीनं जा, जिथे सगळीकडे टॅक्सीच लागते तिथे सोबत शोधा किंवा टूर घ्या. ठिकाण निवडायला हा एक नियम मला पुरला आहे.

टूरमध्येही एकटीचा दंड असतोच. किंमत "ट्विन शेअरिंग"ची, म्हणजे दोघांत एक खोली अशी असते. स्वतंत्र खोली हवी असेल तर "सिंगल ऑक्युपन्सी"चे वरचे पैसे, आणि ते काही थोडेथोडके नसतात. कंपनी अनोळखी बाईसोबत जोडी लावून देते. माझ्या एका जोडीदारणीचं घोरणं असं होतं की तिसऱ्या रात्री मी गादी घेऊन बाथरूमच्या पॅसेजमध्ये झोपले. सकाळी ती मला म्हणाली, "तुम्हाला झोप येत नाही का हो? डॉक्टरांना दाखवा." जोडीदार मिळालाच नाही तर फरकाचे पैसे कोण भरणार, हे आधी विचारा.

आणि कर. टूरवर ५ टक्के जीएसटी असतो, जाहिरातीत तो बऱ्याचदा धरलेला नसतो. परदेशी पॅकेजवर त्याशिवाय टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच घेतलेला आगाऊ आयकर, कापतात. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. विवरणपत्र न भरणाऱ्या सासूबाईंच्या नावानं बुकिंग करताना हे लक्षात ठेवा.

माहितीपत्रकातली क्रियापदं

माहितीपत्रक हातात आलं की चित्रं बघू नका, क्रियापदांखाली पेन्सिलनं रेघ मारा. मी हे एका टूरवर धडा मिळाल्यावर शिकले. रोमच्या दिवसाला छापलं होतं: "जगप्रसिद्ध कलोसियमचा फोटोस्टॉप." मी वाचताना कलोसियम वाचलं, फोटोस्टॉप नजरेआड केलं. प्रत्यक्षात बस लांब थांबली, आम्ही रांगेनं चालत गेलो, एका कोपऱ्यावरून बाहेरची कमान बघितली, पंचवीस मिनिटांत परत. आत जाणारी माणसं समोर दिसत होती. मी मॅनेजरशी वाद घातला. त्यानं शांतपणे कागद काढून तो शब्द दाखवला. तो बरोबर होता, हेच जास्त लागलं.

तर शब्दांचा अर्थ असा लावा. "भेट" म्हणजे बहुधा आत जाणं, पण प्रवेशतिकीट धरलंय का ते वेगळं बघा. "बाहेरून पाहणे" आणि "फोटोस्टॉप" म्हणजे उतरणं, फोटो, परत. "बसमधून दर्शन" किंवा "ओरिएंटेशन टूर" म्हणजे काचेतून, आणि तुम्ही उलट्या बाजूच्या सीटवर असाल तर तेही नाही. "ऐच्छिक" आणि "स्वखर्चाने" म्हणजे मुख्य आकर्षण कदाचित हेच. "वेळ मिळाल्यास" म्हणजे मिळणार नाही असंच धरा. "मोकळा वेळ" म्हणजे बाजारात सोडणार. हॉटेलच्या नावापुढे "किंवा तत्सम" असतं, त्या तत्समात हॉटेल गावापासून किती लांब असू शकतं हे विचारा. संध्याकाळी पायी फिरता येणार की महामार्गावरच्या खोलीत टीव्ही बघत बसणार, ते या एका उत्तरावर ठरतं.

मग एक काम करा. प्रत्येक दिवसापुढे दोन आकडे लिहा: बसमधले तास आणि जागेवरचे तास. नकाशात दोन गावांमधला वेळ काढून, घाट असेल तर त्यात भर घालून. सात दिवसांतले पाच दिवस बसचे तास जास्त निघाले तर ती टूर बसची आहे. अशी टूर वाईटच असं नाही. माझ्या सासूबाईंना बसमधून गाव बघत जाणंच आवडायचं. आपल्याला काय हवं ते ठाऊक असलं म्हणजे झालं.

पैसे भरण्याआधी

हे भराभर सांगते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता टूरवाल्यांना ऐच्छिक असते, त्यामुळे ती नसली म्हणजे कंपनी खोटी असं नाही. पण जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, नाव जुळतं का ते कळतं. पैसे कंपनीच्या खात्यात भरा, "साहेबांच्या नंबरवर जीपे करा" म्हटलं तर पावतीशिवाय एक रुपयाही नको. रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापणार, टूर भरली नाही तर कंपनी तारीख बदलणार की पैसे देणार, मॅनेजर नाशिकपासून सोबत की तिकडे भेटणार, परदेशात टिप वेगळी द्यायची का आणि कोणत्या चलनात, ही चार उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. माहितीपत्रक घरी परत येईपर्यंत जपा. कबूल केलेलं दिलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच, आणि तिथे तोंडी आश्वासनाचा उपयोग होत नाही.

केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरूनच निघतं. फेसबुकवर दिसणारे दुसरे "अधिकृत एजंट" सोडून द्या.

एकटं जायचं ठरलं तर आधी तालीम

थेट आठ दिवसांच्या प्रवासाला निघू नका. नाशिककरांना तालमीला जागा भरपूर आहे.

पहिली तालीम एका दिवसाची. एसटीनं सप्तशृंगगडावर जा. पायऱ्या झेपत नसतील तर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. महिलांना एसटीत निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनाही निम्मं, ७५ च्या पुढे सगळ्यांनाच मोफत, त्यामुळे खर्च नावापुरता. दर्शन हे निमित्त. खरं बघायचं ते असं, की स्थानकावर फलाट विचारणं, पिशवी मांडीवर ठेवून बसणं, परतीची गाडी उशिरा येणं, हे एकटीनं करताना जीव घाबरतो का.

दुसरी तालीम एका मुक्कामाची. मी छत्रपती संभाजीनगर सुचवते. रेल्वे आहे, एसटी आहे, आणि तिथे एक छान सापळा आहे: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. टूरवर असलं काही तुमच्यासाठी दुसऱ्यानं बघितलेलं असतं. इथे तुम्ही बघायचं. जे लोक सोमवारी अजिंठ्याच्या बसथांब्यावर जाऊन उभे राहतात त्यांना पुढच्या प्रवासात सुट्टीचा वार विचारायची सवय आपोआप लागते.

तिसरी तालीम रात्रीच्या रेल्वेची, दोन-तीन मुक्कामांची. माझी ही तालीम ओरछा होती. झाशीला उतरून शेअर रिक्षा, अर्ध्या-पाऊण तासात बेतवेकाठचं गाव. रामराजा मंदिरात रामाला राजा मानतात, पोलीस रोज बंदुकीनिशी सलामी देतात. आपल्या पंचवटीत राम वनवासी, आणि तिकडे सलामी घेणारा राजा. मी पहिल्या संध्याकाळी आरतीला उभी राहिले आणि एकटी आल्याचं सार्थक झालं असं वाटलं.

दुसऱ्या रात्री पोट बिघडलं. पहाटे तीनला उठून बघते तर पिशवीत ओआरएसचं एकही पाकीट नाही, ते घरी देव्हाऱ्याशेजारी काढून ठेवलेलं डोळ्यांपुढे आलं. खाली लॉजवर काउंटरच्या मागे एक मुलगा झोपला होता. त्याला उठवायला मला दहा मिनिटं लागली, म्हणजे तो उठत नव्हता म्हणून नव्हे, मला हाक मारायची लाज वाटत होती म्हणून. शेवटी हाक मारली. त्यानं स्वयंपाकघरातून साखर-मीठ-पाणी करून दिलं आणि सकाळी दुकान उघडल्यावर औषध आणलं. टूरवर असते तर मॅनेजरचं दार बिनदिक्कत वाजवलं असतं, कारण त्याचे पैसे दिलेले असतात. एकटीनं फिरताना ही हाक मारायची लाज सर्वांत आधी सोडावी लागते. त्यानंतर मी नियमच केला: खोली घेतली की पहिल्या अर्ध्या तासात काउंटरवरच्या माणसाशी नाव विचारून दोन वाक्यं बोलायची, आणि जवळचा दवाखाना कुठे ते विचारायचं. आजारी नसतानाच.

बाकीचे माझे नियम थोडके आहेत. नव्या गावात उजेडात पोचायचं, त्यासाठी गाडी निवडताना पोचण्याची वेळ आधी बघायची. पहिल्या दोन रात्रींची खोली घरूनच बुक, पुढचं तिथे गेल्यावर. पैसे दोन ठिकाणी, आणि यूपीआयवर विसंबायचं नाही, कारण नेटवर्क नसलेल्या घाटात चहावाला रोखच मागतो. मोबाइल बंद पडला तर म्हणून चार नंबर कागदावर लिहून कमरेच्या पाकिटात: घरचा, खोलीचा, ११२ आणि रेल्वेचा १३९. घरी रोज रात्री एकाच वेळेला एक मेसेज. दिवसभर लोकेशन पाठवत बसले तर घरचे चुकलेल्या प्रत्येक तासाला घाबरतात.

रेल्वेच्या तिकिटाचा एक बारकावा एकट्यांच्या फायद्याचा आहे. खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ४५ वर्षांपासून, पण एका तिकिटावर एकटा किंवा दोघेच असतील तर. सहाजणींनी हौसेनं एकच तिकीट काढलं की हा कोटा गेला, मग सगळ्याजणी गाडीत तरुण मुलांना "बाळा, खालची देतोस का" करत फिरतात. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंदच आहे.

मधले रस्ते

टूर आणि एकटेपण यांच्या मध्ये बरंच काही आहे, आणि मला वाटतं बहुतेकांचं उत्तर तिथेच असतं. चौघींचा आपलाच गट आणि एक गाडी, वर हिशोब दिलाच आहे. त्यात अट एकच: पैशांची वही एकीकडे आणि कार्यक्रमाचा शेवटचा शब्दही एकीकडे, शक्यतो दोघी वेगळ्या. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचे ट्रेक आणि शिबिरं एकट्यानं नाव नोंदवून जायला फार चांगली, तिथे सगळेच एकटे आलेले असतात. फक्त महिलांच्या टूर आता बऱ्याच कंपन्या काढतात. आयआरसीटीसीच्या भारत गौरव गाड्या, म्हणजे रेल्वेच्याच पर्यटन गाड्या, आहेत. आणि सर्वांत कमी वापरला जाणारा रस्ता म्हणजे एकटं जाऊन तिथे पोचल्यावर एका दिवसाची स्थानिक सहल घेणं. अवघड दिवस दुसऱ्यावर टाकायचा, सोपे दिवस आपले.

आपल्याकडे ही पद्धत नवी नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते तेव्हा दिंडीत भिशी, म्हणजे ठरलेली वर्गणी, भरली की जेवणाची आणि मुक्कामाची काळजी दिंडीची, चालायचं आपल्या पायानं. कुणी सगळी वाट चालतं, कुणी मध्येच येऊन मिळतं. टूर कंपनीलाही विचारता येतं, की मी अमुक ठिकाणी येऊन मिळते आणि तमुक ठिकाणी सोडते. याला ते "जॉइनिंग-लीव्हिंग" म्हणतात आणि विचारल्यावरच किंमत सांगतात, आपण होऊन सांगत नाहीत.

तारखा

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून गेले. म्हणून निघायच्या तारखेपासून मागे मोजा. साधारण ९० व्या दिवशी टूर की एकटी हे ठरलेलं हवं, ६० व्या दिवशी सकाळी तिकीट. तत्काळवर भिस्त ठेवायचीच असेल तर आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून ठेवा, जुलै २०२५ पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ मिळत नाही. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या अमृतस्नानांच्या तारखा बघूनच काय ते ठरवा. त्या दिवसांत नाशिकरोडला उतरून घरी पोचणं हाच एक प्रवास होईल.

जॉगिंग ट्रॅकवरच्या मैत्रिणीनं हे सगळं वहीत उतरवलं आणि उत्तर काढलं: चारधाम टूरनं, पण हरिद्वारला बस सोडायची आणि दोन रात्री एकटीनं राहायचं. मुलगी आधी नाही म्हणाली, मग एका रात्रीवर आली, शेवटी दोनला तयार झाली. मधल्या दोन महिन्यांत सप्तशृंगगड आणि वेरूळ झालं. कंपनीनं "लीव्हिंग"चे काही पैसे परत दिले, थोडेच, पण तिनं ते मागून घेतले. हरिद्वार ते नाशिकरोडचं तिकीट तिनं स्वतः काढलं, एकटीच्या नावावर. खालचा बर्थ मिळाला.